अकरा स्टिका

फ्रीडरिशश्ट्रासेला गाडी थांबली ती पुढे सरकायचं नावच घेईना. मग कर्ण्यातून कोणीतरी बजावलं, गाडी बिघडली आहे, सगळ्यांनी उतरून समोरच्या गाडीत बसावं. बिघडायला या गाडीला नेमकं पूर्व बर्लिनच सापडलं होतं, सुधाच्या मनात आलं.

पोरींचा हॉकीचा सामना शहराच्या उत्तरेला, घर दक्षिणेला. दोन्ही पश्चिमेकडची, पण मधली काही स्टेशनं रशियनांच्या बाजूची. शहरात भिंत अजून उठली नव्हती. सकाळी निघतानाच भास्कर म्हणाला होता, "मधे कुठे उतरू नकोस. तिकडे आपली वकिलात नाही. पोलिसांनी धरलंच तर मी कोणाच्या दाराशी जाऊ?"

"अहो, पोरींना घेऊन मी कशाला उतरतेय?" ती म्हणाली होती.

आणि आता ती त्याच फलाटावर उभी होती, क्लबातल्या सगळ्या पोरींसकट. क्लबाचा ठाम समज होता की भारतातली बाई म्हणजे हॉकी तिच्या रक्तातच असणार. त्यामुळे दहा वर्षांच्या लेकीचं, मालिनीचं, नाव संघात घालायला गेलेली सुधा स्वतःच बेट्रॉयरिन होऊन परतली होती. म्हणजे संत्री सोलायची, खरचटलेल्या गुडघ्यांना आयोडिन लावायचं आणि पोरी सुखरूप घरी आणायच्या. तिने स्वतः उभ्या जन्मात फुगडीपलीकडे काही खेळलेलं नव्हतं.

"चला, चला, भराभर," म्हणत तिने पोरींना समोरच्या डब्यात चढवलं. रविवारच्या गर्दीत कोणाची टोपी कुठे, कोणाची वेणी कुठे. सुधा मोजू लागली. पोरी नव्हे, स्टिका. लेकरं मोजली की दृष्ट लागते. ज्या अर्थी स्टिक डब्यात, त्या अर्थी ती धरणारी पोरही डब्यातच, असा तिचा साधा हिशेब. तेही वडील खळ्यावर धान्य मापायचे तसं. पहिल्या मापाला ते कधी एक म्हणत नसत, लाभ म्हणत.

"लाभ, दोन, तीन..."

अकरा भरल्या. दारं लागली. गाडी सुटली आणि तिला जरा हायसं वाटलं.

"फ्राउ सुधा," उशी नावाची गोलरक्षक पोर तिची बाही ओढत म्हणाली, "मालिनी कुठे आहे?"

सुधाने डबाभर नजर फिरवली. मग आपल्या हाताकडे पाहिलं. अकरावी स्टिक तिच्याच हातात होती. दमलेल्या लेकीचं ओझं ती नेहमी स्वतःच वागवायची. बाकीच्या आया त्यावरून तिला हसायच्याही.

बोगद्यातला काळोख खिडक्यांना चिकटून पळत होता. साखळी ओढावी, तर गाडी बोगद्यातच अडकायची. एकटीने मागे जावं, तर या दहा पोरी कोणाच्या जिवावर सोडायच्या? मालिनीला मराठी समजत होतं आणि जर्मन बोलता येत होतं, पण कोणी हाताला धरून चल म्हटलं तर नाही म्हणायला तिला शिकवलेलं नव्हतं. उलट मोठ्यांचं ऐकावं असंच शिकवलं होतं.

पुढच्या स्टेशनात तिने सगळ्यांना उतरवलं, उलट्या गाडीत घातलं आणि परत नेलं. "एकमेकींचे हात सोडाल तर बघा," असं ती मराठीतच दटावत होती. पोरींना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण एकीनेही हात सोडला नाही.

मालिनी बाकापाशी उभी होती. शेजारी पोलीस. तिची मूठ त्याच्या मुठीत.

"आई," तिने हाक मारली आणि पुढचं सगळं जर्मनमधून सांगितलं, "बुटाचा बंद सुटला होता. मी थांबा म्हणाले होते."

सुधा पुढे झाली. पोलिसाने हात सोडला नाही.

"ही तुमची?"

"माझी."

"आणि या सगळ्या तुमच्या जबाबदारीवर आहेत? किती आहेत?"

"अकरा स्टिका," सुधाच्या तोंडून निघून गेलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला. चेहरा तरुण होता आणि त्यावर रागही नव्हता. तेच तिला जास्त भयाण वाटलं.

"मी मुलींचं विचारतोय. माझ्यासमोर मोजा. एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून. मोजणी पटली की जा."

फलाटावरची माणसं वळून बघत होती. इतक्या परक्या डोळ्यांसमोर लेकरं मोजायची. सुधाने मनातल्या मनात कुलदैवताची क्षमा मागितली. मग पोलिसाने धरलेल्या मालिनीच्या डोक्यावर हात ठेवला. केस घामाने ओले होते.

"लाभ," ती म्हणाली, आणि पुढच्या डोक्याकडे तिचा हात सरकेना.

पोलीस वाट बघत होता. त्याची मूठ अजून सुटली नव्हती.

"त्स्वाय," शेजारी उभी असलेली उशी आपणहून म्हणाली आणि पुढे सरकून उभी राहिली.

"द्राय," तिच्यामागची म्हणाली.

पोरी एकेक करून आपला आकडा सांगत गेल्या. शेवटचीचाही सांगून झाला, पोलिसाने मूठ सोडली, घराकडची गाडी फलाटाला लागली. तरी सुधाचा हात पहिल्या डोक्यावरून हलला नव्हता.