परतीची जाळी

"ताई, ही खालची जाळी बुजवू नका हं," हीटिंगचे डक्ट साफ करायला आलेल्या मिस्त्रीने थंडी सुरू होताना तिला सांगितलं होतं. "गरम हवा वरच्या जाळीतून येते आणि गार झाली की हिच्यातून परत जाते. तिन्ही मजल्यांची एकच उभी नळी आहे. वाट अडवलीत की मशीन धापा टाकणार. आणि जुन्या घरात एकमेकांची जाग असलेली बरी."

"हो हो," ती म्हणाली होती. तो जिना उतरायच्या आत ती कात्री शोधायला लागली होती.

तिला ती जागच नको होती. खालच्या मजल्यावर शेजारचे एक आजोबा एकटे राहायचे. पहाटे पाचला त्यांचा खोकला नळीतून थेट पाळण्याशेजारी यायचा, मागोमाग नळ, मग रेडिओ. चार महिन्यांचं बाळ दचकून उठायचं आणि मग दिवसभर किरकिर. नवरा-बायकोत आजोबांचं नाव 'गजर' पडलं होतं. बाबागाडीच्या खोक्यात आलेला स्पंज कापून तिने जाळीमागे ठासून बसवला आणि वरून चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी बाळ साडेसातपर्यंत झोपलं. "गजर बंद केला," तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा दोघंही हसले होते.

मशीन खरंच धापा टाकायला लागलं, म्हणून आज दुपारी तोच मिस्त्री तिने स्वतःच बोलावला होता. गुडघे टेकून तो जाळीचे स्क्रू काढत होता. शेजारच्या खुर्चीत आजोबांची लेक बसली होती, खालच्या घराची किल्ली मुठीत धरून. नळी तपासायची तर खालचंही घर उघडावं लागणार होतं. आजोबांना जाऊन आठवडा झाला होता. सोमवारी सकाळी ते न्हाणीघरात पडले. बुधवारी दार फोडलं तेव्हा सगळ्यांना कळलं.

मिस्त्रीने स्पंज ओढून काढला. तो धुळीने काळा झाला होता. त्याने आधी स्पंजाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाक दाबून धरलं होतं की घराचं," एवढंच पुटपुटून त्याने लेकीकडून किल्ली घेतली आणि तो खाली गेला.

पाळण्यात बाळ गाढ झोपलं होतं.

"ताई, येतंय का ऐकू?"

आवाज इतका जवळून आला की तिने मागे वळून पाहिलं.

"येतंय," ती जाळीपाशी वाकून म्हणाली.

"न्हाणीघरात आहे मी. हवा ओढतेय आता, झकास. पण इथली जाळी पार चेपलीय हो. कशाने तरी ठोक ठोक ठोकलीय. प्लास्टिकचे तुकडे अडकलेत. लाल. आंघोळीच्या मगाचे असतील."

लेक उठून उभी राहिली.

"इतकं स्पष्ट येतं?"

साफ केली म्हणून येत असेल आता, हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. म्हटलं असतं तर खपलंही असतं. मिस्त्री काही बोलला नसता.

"मी बुजवली होती," ती म्हणाली. "दीड महिना झाला. बाळ झोपत नव्हतं."

लेक ओरडेल, निदान रडेल, असं तिला वाटलं. लेक नुसती जाळीकडे बघत राहिली.

"दीड महिना. तरीच," लेक म्हणाली. "दर रविवारी बाबांचं फोनवर एकच. 'वरचं बाळ हल्ली रडत नाही गं. बरं असेल ना?' मी म्हणायचे, जाऊन विचारा की. तर म्हणे, 'हे गुडघे घेऊन जिना कसा चढू? आणि नवी आई आहे, तिच्या जिवाला उगाच घोर.' मी चिडायचे. म्हटलं, लोकांची बाळं सोडा, आधी स्वतःचं बीपी बघा."

तिला खाली बसावंसं वाटलं, पण लेक उभी होती, म्हणून तीही उभीच राहिली.

बोलण्याच्या आवाजाने बाळ चाळवलं. आधी कुरकुरलं, मग त्याने सगळा जीव एकवटून भोकाड पसरलं.

"बाळ उठलं वाटतं, ताई," खालून मिस्त्री म्हणाला.

ती पाळण्याकडे धावली. लेकीने तिचा हात धरला, घट्ट नाही.

"एक मिनिट उचलू नका. मला खाली जाऊन ऐकायचंय."

लेकीच्या चपला जिन्यावरून खाली गेल्या. आई पाळण्याशी हात मागे बांधून उभी राहिली. बाळ रडून लाल झालं, तिच्याकडे बघून आणखी रडलं. खाली मिस्त्रीची खुडबुड थांबली. मग एक हुंदका वर आला, पाळण्याच्या कडेशी कोणी बसलं असावं इतक्या जवळून. तेव्हा कुठे तिने बाळाला उचललं.

हे वाचताना तुमच्या घरात शांतता असेल, तर जरा कान द्या. वर, खाली, भिंतीपलीकडे एकटं कोण राहतं? त्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकलात? ओळख नसली तरी जा. काम नसलं तरी जा, तिथे पोचेपर्यंत काहीतरी निमित्त सुचेल. फक्त एक करा, बेल वाजवून लगेच परत फिरू नका. म्हाताऱ्या माणसांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.