अंगणावरचा मनाई हुकूम

पोलादपूरकडच्या एका वाडीत भागोजीने चुलतभावावर कोर्टाचा मनाई हुकूम आणला: मुरारीने भागोजीच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. त्याच आठवड्यात मुरारीने तिथे म्हशी बांधल्या, पुढे पत्र्याची शेडही ठोकली. हुकूम मोडला म्हणून याला तुरुंगात टाका, असा भागोजीने अर्ज केला. त्यावर नुसत्या तारखा पडत राहिल्या.

शिमग्याला देवीची पालखी घरोघर निघाली. भागोजीची बायको ठकूबाई ओटीचं ताट घेऊन दारात उभी राहिली. पालखीचा पुढचा दांडा मुरारीच्या खांद्यावर होता. अंगणाच्या कडेला, स्वतःच्याच शेडसमोर तो थबकला आणि पालखी मागे फिरवत म्हणाला,



"वहिनी, कोर्टाची मनाई हाय. अंगणात पाय ठेवून मी काय जेलात जाऊ?"