बाईंचा घसा

मास्कमधली शेवटची वाफ बाईंनी ओढून घेतली, यंत्र बंद केलं आणि माईक जवळ घेतला. तीन आठवड्यांच्या रजेनंतर आजच त्या घोषणेच्या खोलीत परतल्या होत्या. काचेपलीकडे बसस्थानक गच्च भरलेलं, दाराशी स्थानकप्रमुख उभे.

चार वर्षं दुखणारा घसा या वाफेनं ताळ्यावर आणला होता. औषध हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं. नाव ऐकून आईनं कपाळाला हात लावला. अ‍ॅसिड कसलं घेतेस, मिठाच्या गुळण्या कर, म्हणाली. डॉक्टरांनी समजावलं, की हे आपल्या अंगात असतंच, पाणी धरून ठेवतं, सोलवटलेल्या घशाला ओलावा देतं. गुळण्याही करा, पण मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवा. बाईंना तेच सगळ्यात जड गेलं.

आज जमलं तर खुर्ची तुमची, नाहीतर उद्यापासून रेकॉर्ड केलेला आवाज, असं प्रमुखांनी कालच सांगून टाकलं होतं. बाईंना धाकधूक नव्हती. सकाळी आंघोळ करताना त्यांनी अख्खं वेळापत्रक म्हणून पाहिलं होतं.

"बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे."

आवाज कसा खणखणीत. पण बाकांवरचं कुणी हललं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं. एकानं पेपराचं पान उलटलं. इतक्या स्वच्छ आवाजात इथे फक्त साबणाच्या नि विम्याच्या जाहिराती लागत, आणि त्यांच्याकडे कान द्यायचा नसतो हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंना मनापासून राग आला. प्रमुखांना बाजूला सारून त्या थेट फलाटावर गेल्या आणि माईकशिवाय, पोटातून ओरडल्या, "बंदराची गाडी पाचवर. चला, उठा."

बंदरवाले झाडून सारे उठले. घशात साधी टोचणीही नाही. मागून आलेले प्रमुख म्हणाले, आता जपा, उद्याही तुम्हालाच बोलायचंय.

गाडीत चढता चढता एक आजोबा थांबले. "आवाज छान आहे हो पोरी तुझा. पण आमच्या त्या घोगऱ्या बाई कुठं गेल्या? इतकी वर्षं त्यांच्या आवाजावर गाडी पकडतोय. बऱ्या आहेत ना?"

बाईंनी त्यांची पिशवी वर दिली.

"ठणठणीत आहेत, आजोबा. तुम्ही बसा."