आधी मागचं बटण

कंपनीसाठी जमीन मोजणाऱ्यांच्या गाड्या वर येऊ नयेत, म्हणून रोह्याजवळच्या त्या गावाने रस्त्यात आडवा चर खणला होता. पेणला गॅरेज चालवणारा विष्णू त्या दिवशी चर खणायला मुद्दाम गावी, आईकडे गेला होता. त्याच्या जोडीला घमेली उचलत होता त्याचा बालमित्र आदर्श.

त्याच आदर्शची जीप पुढे विष्णूने चिखलातल्या शर्यतीसाठी तयार केली. पुढच्या-मागच्या चाकांना, एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला फिरवणारे एअर लॉकर बसवले आणि त्यांना हवा पुरवायला बॉनेटखाली कॉम्प्रेसर.

शर्यतीच्या सकाळी फोन आला. "विष्ण्या, खड्ड्यात अडकलो रे. एक चाक हवेत हाय."

"मग लॉकर काय शोभेला बसवलेत? कॉम्प्रेसर चालू कर, हवा भरू दे. आधी मागचं बटण दाब, मग पुढचं. स्टेअरिंग सरळ धर. घाई करू नको."

फोनमधून कॉम्प्रेसरची घरघर ऐकू आली. मग इंजिन गुरगुरलं, दगड घसरले आणि चाकांनी पकड घेतल्याचं विष्णूला नुसत्या आवाजावरून कळलं.

"चढली!" तो गॅरेजमध्ये एकटाच ओरडला.

पलीकडून विष्णूच्या आईचा आवाज आला. "आदर्शा, मोजणीवाल्यांना तू घेऊन आलास? चर खणताना तूच पुढं व्हतास ना रे?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस, काकी?" आदर्श म्हणाला. "गाडी तुझ्या विष्णूनंच चढवली."