पालक उपक्रमाची पाहणी

सुनेनं पहिली मूठ मुळासकट उपटली आणि सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"हळू गं," त्या म्हणाल्या. "त्या बिचाऱ्यांची काय चूक?"

"चूक तुमची आहे, आई," सून म्हणाली आणि दुसरी मूठ उपटली.

चूक अशी की झाकून ठेवायची सोय नव्हती. चांगले तीन वाफे भरून ती वर आली होती, हिरवीगार.

गल्लीच्या टोकाला सासूबाईंचं युवा आणि कुटुंब विकास केंद्र होतं. नाव मोठं, जागा बेताची. एक लांबट खोली, एक टेबल टेनिसचं टेबल, मागे मोकळं अंगण. शाळा सुटल्यावर ज्यांच्या घराला कुलूप असे ती पोरं इथे येत, आरडाओरडा करत आणि भलतीकडे जात नसत. खोलीवर शेजारच्या गादीवाल्याचा डोळा होता. त्याला गोदाम हवं होतं. मदत मिळाली नाही तर वर्षअखेर टेबल बाहेर आणि गाद्या आत, हे ठरल्यातच जमा होतं.

म्हणून सासूबाईंनी दिसेल त्या ट्रस्टकडे अर्ज धाडले. बाकीच्यांनी पोचही दिली नाही. एकाचं उत्तर आलं, तेही दोन ओळींचं. 'मुलांच्या वाढीसाठी आपल्या केंद्रास पालक उपक्रम मंजूर. पहिला हप्ता सोबत, दुसरा पाहणीनंतर.' सासूबाईंनी कंबर कसली आणि बी आणायला गेल्या. मुलांची वाढ, पालक, लोह, सगळं कसं जुळत होतं. शंका घ्यायला कुठे जागाच नव्हती.

पालकही असा तरारून आला की येणारे जाणारे कुंपणावरून वाकून बघत. टेबल टेनिसची पोरं न सांगता झारी उचलायला लागली. सासूबाई सकाळी उठल्यावर आधी वाफ्यांकडे बघत, मग नवऱ्याकडे. त्यांचा जीव जडला होता त्या पालकावर, दुसरं काय.

सून शाळेत शिक्षिका. कसल्याशा प्रशिक्षणासाठी ती बरेच दिवस परगावी होती. परतली ती नेमकी पाहणीच्या आदल्या दिवशी. तिनं पत्र वाचलं, अंगणात डोकावली आणि पायरीवर बसून पोट धरून हसली. हसून झाल्यावर तिला घाम फुटला.

"आई, पालक म्हणजे आईबाप. पालक उपक्रम म्हणजे आईबापांना बोलावायचं, मुलांशी बोलतं करायचं. तुम्ही भाजी लावलीत?"

"मग त्यांनी सरळ आईबाप म्हणायचं ना," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात दम नव्हता.

सासऱ्यांनी वर्तमानपत्राआडून तेवढ्यात हात धुऊन घेतले. "तू ना, शुद्ध माठ आहेस."

"माठ पुढच्या हंगामात," सासूबाई सवयीनं म्हणाल्या, आणि मग रडायलाच लागल्या. गाद्या त्यांना डोळ्यांपुढे दिसत होत्या, थप्प्याच्या थप्प्या.

आता एका दिवसात आईबाप आणायचे कुठून? सभा म्हटली की आईबापांना नेमकी कणकण येते. पाहुणे येतात. गॅसवर दूध असतं. शेवटी तोड सासूबाईंनीच काढली. जो येईल त्याला पालकाच्या दोन जुड्या, आजच, आगाऊ. पालक वाटून पालक गोळा करायचे.

बघता बघता गेटबाहेर रांग लागली. ज्यांनी केंद्राचा उंबरा कधी ओलांडला नव्हता ते पिशव्या घेऊन आले. एक जोडपं तर बिनमुलांचं होतं, तेही पोरं आजोळी गेलीत म्हणून रेटून सांगत होतं. सुनेनं जुड्या बांधल्या, उद्या यायचं वचन घेतलं, आणि मागोमाग वाफे सपाट करून त्यावर सतरंज्या अंथरल्या. पुरावा कसा नाहीसा करायचा हे शिक्षकांना शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. किरकोळ अंगाचे, मितभाषी. वाटेत चिखलाचा थेंब नव्हता, तरी पायात गमबूट.

"मोठ्या ट्रस्टची माणसं कशी तयारीनिशी येतात बघा," सून कौतुकानं कुजबुजली.

तिनं छोटंसं भाषण केलं. मग आईबाप एकेक करून उभे राहिले. कुणी म्हणालं आता मुलांवर ओरडणार नाही. कुणी म्हणालं ओरडेन, पण कमी. शेवटी एक बसचालक उठला. तो बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिला.

"मी काल रांगेत उभा होतो," तो म्हणाला. "खिडकीतून माझा पोरगा खेळताना दिसला. पंधरा वर्षांचा झालाय. तो डावखुरा आहे, हे मला काल कळलं."

कुणी हसलं नाही. बाजूला बसलेल्या त्याच्या बायकोनं नाक ओढलं. सासूबाईंना मनापासून वाटलं की सून म्हणाली तेच खरं, आपण उगाच भाजीत अडकलो. त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच.

साहेब सगळं शांतपणे ऐकत होते. त्यांनी टाळ्याही वाजवल्या. सून सासूबाईंकडे बघून हसली. दुसरा हप्ता आता कुठे जात नव्हता.

मग साहेबांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि सासूबाईंकडे वाकून अगदी अदबीनं म्हणाले, "मंडळी फार गोड आहेत हो, बाई. पण आता यांना जरा वाफ्यांवरून उठवा. मला पालक बघायचाय."