शेवटचा टप्पा

जव्हारच्या एका केंद्रात प्रकल्प व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलामुलींना सरावासाठी खराखुरा प्रकल्प करायचा होता. गटप्रमुख बाळीने वांगणीजवळचा स्वतःचाच पाडा निवडला. खालच्या झऱ्याचं पाणी सोलर पंपाने वर आणायचं ठरलं. तिने कामं वाटून दिली, कुणी चर खणला, कुणी पाइप जोडले. गटातल्या पंढरी आणि प्राजक्ताची जुंपली, तेही तिनेच मिटवलं. ऐन उन्हाळ्यात पाड्यावरच्या नळाला पाणी आलं, तेव्हा बायका हंडे लावायचं विसरून नुसत्या धारेखाली हात धरून उभ्या राहिल्या.

काही दिवसांनी केंद्रातले सर पाहणीला आले. भलतेच खूश झाले, सगळ्या गटांत तुम्हीच पहिले म्हणाले.

"आता शेवटचा टप्पा, आवराआवर. पंप, पाइप, सगळं काढून केंद्रात जमा करा. पुढच्या बॅचला सरावाला लागेल."

"पण सर, पाड्याचं पाणी?"

"अगं, हा सराव होता. नीट आवरण्याचेही गुण आहेत. नाही आवरलं तर गटात कुणालाच प्रमाणपत्र नाही."

सगळ्यांनी बाळीकडे पाहिलं. प्रत्येकाची नोकरी त्या कागदावर अडली होती. तिने पुन्हा कामं वाटून दिली. नळ काढायचं काम मात्र स्वतःकडे ठेवलं.

ती नळाचे आटे सोडवत असताना तिची आई रिकामा हंडा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"काय गं पोरी, तुमचा काय चुकला का?"

"नाय आये," बाळी मान वर न करता म्हणाली, "पहिला नंबर आला आमचा."