तहानलेली मिरची

"तुझी मिरची तिखट निघाली नाही तर त्या वाफ्यात माझे गुलाब लागणार," आबांनी ताटावर बसतानाच सुनेला बजावलं.

"चालेल," हर्षदा म्हणाली. माहेरच्या, नंदुरबारच्या मिरचीचं बी तिनं राखेत घोळून कोल्हापुरात रुजवलं होतं. झाडं फळांनी लगडल्यावर तिनं पाणी तोडलं. पानं मलूल झाली. आबा खूश झाले. तहानलेली मिरची जास्त झोंबते, हे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं.

आबांनी ताटातली अख्खी मिरची चावली.

"काकडीच की ही."

टकलावर घाम डवरला. नाक वाहू लागलं. सासूबाईंनी गुळाचा खडा पुढे केला, तो त्यांनी हातानं मागे सारला.

"मग आणखी एक घ्या ना, आबा." हर्षदानं दुसरी ताटात ठेवली.

आबा मिरचीकडे बघत राहिले. अखेर त्यांनी गुळाकडे हात नेला.

"गुलाब काय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कुंडीतसुद्धा येतात."